अंगणातला धबधबा: पंप एचपीवर विकू नका, हिशोबावर विका



अंगणात छोटं तळं, मागे दगडांचा ढिगारा आणि त्यावरून पडणारं पाणी. चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावातही आता अशी मागणी येते. अमरावतीच्या बाहेर बंगले उठतायत, हायवेवर ढाबे होतायत, मंगल कार्यालयवाल्यांना फोटोसाठी कोपरा पाहिजे असतो. लहानपणी शेगावचं आनंदसागर पाहिलेला किंवा पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाऊन आलेला माणूस घर बांधतो तेव्हा म्हणतोच, "भाऊ, आपल्या इथंबी असं काही झालं पाह्यजे."

म्हणजे यात काम आहे. प्लंबिंग येणारा, मोटर रिवाइंडिंग करणारा, ॲक्वेरियमचं दुकान चालवणारा, कूलर दुरुस्त करणारा, कोणताही पोरगा हा जोडधंदा करू शकतो. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आज लेखात माझं एक ठाम मत मांडतो. पटलं नाही तर भांडा माझ्याशी.

मत असं आहे: आपल्या भागातले असे बरेच धबधबे दोन-चार महिन्यांत बंद पडतात, आणि त्याला गिऱ्हाईक जबाबदार नसतं. जबाबदार असतो तो विकणारा, ज्याने पंप एचपीवर विकला आणि फिल्टर "नंतर पाहू" म्हणून सोडून दिला. तळं हिरवं होतं, मासे मरतात, वीजबिल येतं, घरातली म्हातारी माणसं "बंद करा हे" म्हणतात, आणि उरतो तो डासांचा हौद. गाव लहान आहे बाप्पा. एक तळं फसलं की पुढची पाच कामं गेली.

एचपी हा प्रश्नच चुकीचा आहे

आपल्याकडे गिऱ्हाईक आल्या आल्या विचारतं, "अर्धा एचपी टाकू का एक?" सवय आहे, कारण विहीर, बोअर, वरची टाकी हे सगळं आपण एचपीवरच घेतो. पण टाकी भरायची मोटर वेगळ्या कामासाठी बनलेली असते. तिला पाणी दोन-तीन मजले वर चढवायचं असतं आणि दिवसातून अर्धा-पाऊण तास चालायचं असतं. तुमच्या तळ्यात पाणी चार फूट चढवायचंय, पण तासन् तास. मोटरच्या पाटीवर हेडची रेंज लिहिलेली असते, ती वाचा. त्या रेंजच्या खूप खाली चालवली तर बऱ्याच मोटरी जास्त करंट ओढतात आणि गरम होतात.

म्हणून दोनच प्रश्न विचारायचे. तासाला किती लिटर पाणी पाहिजे? आणि ते किती उंचीवर?

हेड म्हणजे काय, हे समजायला छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवा. सहा-एक किलोमीटरवरून मातीच्या नळांतून पाणी आणलं, ते उंचावरून सोडलं आणि त्या जोरावर चक्की फिरवली. पंप नाही, मोटर नाही. उंची डोंगराने फुकट दिली होती. आपल्या अंगणात डोंगर नाही, म्हणून तीच उंची आपण महावितरणकडून विकत घेतो. प्रत्येक फुटाचे पैसे लागतात, आणि ते एकदा नाही, दर महिन्याला.

कागद-पेन घ्या, एक तळं मोजू

समजा तळं 10 फूट लांब, 6 फूट रुंद, सरासरी 2 फूट खोल. 10 × 6 × 2 = 120 घनफूट. एका घनफुटात साधारण 28.3 लिटर पाणी. म्हणजे झाले अंदाजे 3,400 लिटर. हा पहिला आकडा.

आता धबधबा. पाणी ज्या काठावरून पडतं त्या काठाची रुंदी मोजा, उंची नंतर. धंद्यातला ठोकताळा असा की काठाच्या प्रत्येक इंचाला तासाला 200 लिटर दिलं तर पातळ पडदा मिळतो, 400 लिटर दिलं तर भरलेला, आवाज करणारा धबधबा मिळतो. 1 फूट म्हणजे 12 इंच काठ असेल तर 12 × 400 = 4,800 लिटर तासाला. हा दुसरा आकडा.

उंची मोजताना तळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या काठापर्यंत मोजा. पंप पाण्यात दोन फूट खाली ठेवला म्हणून ते दोन फूट मोजायचे नसतात. आपल्या उदाहरणात 4 फूट, म्हणजे 1.2 मीटर.

आणि आता तो भाग, जिथे बहुतेक फिटर मार खातात: पाइप. 15-16 फूट पाइप आणि दोन-तीन एल्बो धरा. दीड इंची पाइपातून 4,800 लिटर न्यायला घर्षणात जेमतेम 0.3 मीटर हेड जातं. तेवढंच पाणी एक इंची पाइपातून ढकललं तर 3 मीटरच्या आसपास जातं! म्हणजे चढ 1.2 मीटरचा आणि पाइपच खातोय त्याच्या अडीच पट. गिऱ्हाइकाचे पाइपात थोडे पैसे वाचवले आणि त्याच्याकडून दर महिन्याला वीजबिलात वसूल केले, असा तो प्रकार. माझं सरळ म्हणणं आहे, तळ्याच्या कामात एक इंची पाइप दुकानातून बाहेर काढूच नका.

तर दीड इंची पाइप धरून एकूण हेड झालं 1.5 मीटर. आता पंपाच्या खोक्यावर काय लिहिलंय? "10,000 लिटर/तास, मॅक्स हेड 3 मीटर." गिऱ्हाईक खूश. पण हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. 10,000 लिटर शून्य उंचीवर, आणि 3 मीटरवर गेलं की पाणी शून्य. मधल्या उंचीवर किती मिळेल ते खोक्याच्या बाजूला किंवा माहितीपत्रकात छापलेला वाकडा आलेख सांगतो. निम्म्या हेडवर साधारण निम्मं, थोडं जास्त. म्हणजे हा पंप आपल्या कामाचा आहे. आणि ज्यावर "5,000 लिटर" लिहिलंय, तो नाही. आलेख दाखवू न शकणारा पुरवठादार असेल तर त्याच्याकडून माल घेऊ नका, स्वस्त असला तरी.

दोन पंप लावा, एक नको

इथे अनेक जण माझ्याशी भांडतात. "एकच मोठा पंप लावू, त्यातच फिल्टर, त्यातच धबधबा. दोन कायले?"

कारण दोन्हींची कामं वेगळी आहेत. धबधबा आपल्यासाठी असतो. सकाळी चहाच्या वेळी तासभर, संध्याकाळी पाहुणे आले की तीन-चार तास. फिल्टर माशांसाठी असतो आणि त्याला 24 तास पाणी लागतं. का लागतं, ते पुढे सांगतो. एकच पंप असला की गिऱ्हाईक बिल पाहून रात्री तो बंद करतं, आणि तिथून तळं मरायला लागतं.

आता विजेचा हिशोब बघा. 1,000 वॅट एक तास म्हणजे 1 युनिट, एवढंच गणित आहे.

टाकीची अर्ध्या एचपीची मोटर वीज ओढते 550 वॅटच्या आसपास. 24 तास चालवली तर दिवसाला 13.2 युनिट, महिन्याला 396 युनिट.

आपल्या पद्धतीत फिल्टरचा छोटा पंप 40 वॅटचा, 24 तास: महिन्याला साधारण 29 युनिट. धबधब्याचा पंप 100 वॅटचा, दिवसाला 5 तास: महिन्याला 15 युनिट. एकूण 44.

महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटला टप्पा बदलतो, हे तुम्हाला माहीतच आहे. ज्या घराचा वापर आधीच 220 युनिट आहे, तिथे 44 मिळवले तर 264, म्हणजे टप्पा तोच राहिला. 396 मिळवले तर 616. शेवटच्या टप्प्यात गेला माणूस! त्याला पहिलं बिल आलं की तो तुम्हाला शिव्या देणार, आणि त्या बरोबरच असणार.

फिल्टरमधून उतरणारं पाणीही त्याच दगडांवरून सोडा. म्हणजे दिवसभर बारीक धार चालू राहते, संध्याकाळी बटण दाबलं की धबधबा. तळं कधी कोरडं दिसत नाही.

फिल्टर म्हणजे गाळणी नाही

फिल्टरमध्ये दोन टप्पे असतात. पहिला गाळणीचा: ब्रश, स्पंज, जाळी, जिथे पानं आणि गाळ अडकतो. दुसरा जिवंत असतो. माशांची घाण आणि उरलेलं खाद्य यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो माशांना विष आहे. फिल्टरमधल्या खडबडीत माध्यमावर जिवाणू वाढतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, जे झाडं खातात. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून तळं भरल्या दिवशी मासे सोडून फोटो काढणारा माणूस पुढच्या पंधरा दिवसांत मेलेले मासे काढतो. गिऱ्हाइकाला आधीच सांगा: पहिला महिना पाणी फिरू द्या, मग चार-पाच मासे, मग हळूहळू बाकीचे.

या जिवाणूंना प्राणवायू लागतो. पंप काही तास बंद राहिला की फिल्टरमधलं पाणी सडायला लागतं. म्हणून तो 24 तासांचा आग्रह.

फिल्टर महागडाच पाहिजे असं नाही. 200 लिटरचा निळा ड्रम, खाली ब्रश, मध्ये स्पंज, वर सिरॅमिक रिंग किंवा बायोबॉल. आपल्याकडच्या खदानीतली काळ्या दगडाची खडीही चालते, धुऊन घ्या. संगमरवरी चिप्स मात्र नको, त्या पाण्याचा जडपणा वाढवतात. ड्रमनंतर एका उथळ वाफ्यात कर्दळ लावली तर ती नायट्रेट खाते आणि फुलं देते ती वेगळी. खोक्यावर "10,000 लिटर तळ्यासाठी" लिहिलं असलं तर मी ते 5,000 धरतो. आपल्या उन्हात आणि आपल्या खाद्य टाकायच्या हौसेत तेवढी सूट ठेवलीच पाहिजे.

यूव्ही दिवा लगेच विकू नका. तो पाणी हिरवं करणारं तरंगतं शेवाळ मारतो, दगडाला चिकटलेलं नाही. आधी सावली, पाण्यातली झाडं, कमी मासे. तरीही पाणी हिरवं राहिलं तर यूव्ही. आणि तो विकला तर सांगून ठेवा की दिवा जळत दिसला तरी वर्षभराने बदलावा लागतो, आणि काचेच्या नळीवरचा पांढरा थर पुसावा लागतो.

आपला वऱ्हाड पुस्तकातला देश नाही

इंटरनेटवरचे बरेचसे व्हिडिओ थंड देशांतले आहेत. त्यांची चिंता बर्फाची, आपली मे महिन्याची. चार गोष्टी डोक्यात ठेवा.

पहिली, उष्णता. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशाला 7 च्या खाली. म्हणजे माशांना जास्त लागतो तेव्हाच कमी असतो. वर हिरवी नेट बांधा. आणि लाइट गेली की काय, याचं उत्तर तयार ठेवा. धबधब्याचा पंप इन्व्हर्टरवर घेऊ नका. 10-15 वॅटचा एअर पंप घ्या, रात्रभर मासे जगतात.

दुसरी, बाष्पीभवन. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं असं धरा. आपल्या 60 चौरस फुटांच्या तळ्यातून दिवसाला 56 लिटर, महिन्याला सुमारे 1,700 लिटर. म्हणजे अर्धं तळं! शिंतोड्यांचं वेगळं. ज्या घरी नळाला एक दिवसाआड पाणी येतं, त्यांना हा आकडा काम सुरू करायच्या आधी सांगायचा, नंतर नाही. पाणी नसेल तर तळं लहान करा. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग टाका, क्लोरीन उडतो.

तिसरी, क्षार. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. दर्यापूर, भातकुली, अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचं पाणी टाकूच नका, छताचं पावसाचं पाणी साठवून वापरा. इकडे आपल्या भागातही पंपाच्या इंपेलरवर पांढरा थर चढतोच. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवायचा, की पुन्हा नवा.

चौथी, काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि सिमेंटच्या हौदाला तडे देते. शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद इथे सोनं आहे. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेपासून हा कागद आणि तो जोडणारे कारागीर आपल्या भागात सहज मिळतात. मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारातून मासे आणि सामान आणा हवं तर, पण तळ्याचा कागद तालुक्यातच आहे.

इथे तडजोड नाही

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. ही बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. आता विचार करा, तुम्ही कोणाच्या तरी अंगणात पाण्यात मोटर ठेवणार आहात आणि त्या पाण्यात त्यांचं पोर हात घालणार आहे.

कूलरची दोन वायरची मोटर तळ्यात टाकायची नाही, कितीही स्वस्त पडली तरी. तीन वायरचा पंप, खरं अर्थिंग, जोड पाण्याच्या वर आणि बंद डब्यात, आणि लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी आहे म्हणून चालत नाही. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबायला गिऱ्हाइकाला शिकवा. "आरसीसीबी नको, खर्च वाढतो" म्हणणाऱ्याला हात जोडा आणि काम सोडा. खरंच सोडा.

मग यात पैसा कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, दादा, छोटा पंप विकला तर मार्जिन कमी. आणि गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून सांगतं, ऑनलाइन याहून स्वस्त आहे.

घेऊ द्या त्याला ऑनलाइन. पंपाच्या मार्जिनवर हा धंदा उभाच राहत नाही. तुम्ही विकता तो हिशोब. मोजमाप, पाइपाचा आकार, दोन पंपांची मांडणी, फिल्टरची रचना, विजेचा आणि पाण्याचा अंदाज, हे एका पानावर लिहून द्या आणि त्याचे पैसे घ्या. काम तुम्हाला मिळालं तर ती रक्कम बिलातून वजा करा. बीबीएला आम्हाला व्हॅल्यू ॲडिशनची मोठी मोठी प्रकरणं होती. तालुक्याच्या गावात त्याचा अर्थ एवढाच, की समोरच्याला जे मोजता येत नाही ते मोजून द्या.

दुसरा पैसा देखभालीत आहे. महिन्यातून दोन फेऱ्या: स्पंज धुणे, इंपेलर पाहणे, थोडं पाणी बदलणे. काढलेलं पाणी झाडांना घालायचं, चांगलं खत आहे. एक लक्षात ठेवा, जिवाणूंचं माध्यम नळाखाली धुवायचं नाही. तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन त्यात खळबळायचं, नाहीतर क्लोरीनने सगळी फौज जाते. अशी वीस घरं बांधली की दर महिन्याची ठरलेली आवक झाली. कूलरवाल्या पोरांनी तर याचा विचार कराच. तुमचा सीझन जूनमध्ये संपतो, आणि तळ्यांची हौस पावसाळ्यात सुरू होते.

काही जण म्हणतात, "गिऱ्हाइकाले आकडे नाही पाह्यजे, त्याले धबधबा पाह्यजे." खरं आहे. पण त्याला तो धबधबा पुढच्या दिवाळीलाही पाहिजे असतो. आकडे पाहून चार फुटांचा धबधबा अडीच फुटांवर आणणारं गिऱ्हाईक रुसून जात नाही. दोन वर्षं तळं चालू ठेवतं आणि शेजाऱ्याला तुमचा नंबर देतं. सात फुटांचा हट्ट धरून बसला आणि हिशोब ऐकायला तयार नसला, तर ते काम दुसऱ्याला जाऊ द्या. पहिली दहा कामं तुमचं नाव ठरवतात, आणि चांदूर ते बडनेरा लोकलच्या एका डब्यात ते नाव पसरतं.

उद्या एक काम करा. ओळखीत कुणाकडे बंद पडलेलं कारंजं किंवा तळं असेल तर टेप घेऊन जा. लिटर काढा, काठाची रुंदी मोजा, उंची मोजा, पाइप किती इंची आहे पाहा, पंपाच्या पाटीचा फोटो घ्या. कुठे चुकलं ते स्वतः शोधून काढा आणि त्यांना एका पानावर लिहून द्या. बहुतेक तेच तुमचं पहिलं काम असेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, कमवत राहा!